पिशवीत काय, गावात काय

डर्व्हला मर्फी ही आयरिश बाई १९६३च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, फ्रान्समधल्या डंकर्कहून सायकलवर एकटी निघाली आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत त्याच वर्षीच्या जुलैत दिल्लीला पोचली. तिच्या ‘आर्मस्ट्राँग कॅडेट’ सायकलीला तीन गिअर होते. निघण्याआधी तिने ते काढून टाकले. आशियातल्या रस्त्यांवर एवढं नाजूक यंत्र टिकायचं नाही, असा तिचा हिशेब होता. सुटे टायर मात्र वाटेवरच्या शहरांत आधीच पाठवून ठेवले होते. लांबच्या सायकल प्रवासात दुरुस्तीचं सामान काय न्यावं, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला या दोन निर्णयांहून शहाणं काही त्यात आढळलेलं नाही. वाटेत जे दुरुस्त होणार नाही ते तिने सोबत घेतलंच नाही, आणि वाटेत जे मिळणार नाही त्याची तजवीज घरूनच केली.

आपण नेमकं उलटं करतो. सायकल घेतो ती अकरा चकत्यांच्या कॅसेटची आणि डिस्क ब्रेकची, आणि मग दुकानातून ‘टूरिंग किट’ नावाची तयार पिशवी उचलतो. तिच्यात साऱ्या जगातल्या सायकलींसाठी काहीबाही असतं. आपल्या सायकलीच्या उपयोगाचं निम्मंही नसतं. घडीच्या मल्टिटूलला वीस पाती, त्यात सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडायची सोयसुद्धा. पण मागच्या चाकाची तार तुटली तर त्या वीसपैकी एकही पातं कामाचं नाही.

मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी १५ ऑक्टोबर १९२३ला सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेसाठी घर सोडलं. त्यातले जाल बापासोला, आदि हकीम आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. त्यांच्या प्रवासवर्णनाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. वाळवंटं आणि जंगलं त्यांनी पार केली याचं कौतुक होतंच, पण यंत्राच्या बाजूनेही त्याकडे बघायला हवं. त्या काळच्या सायकलीत होतं काय? पोलादी सांगाडा, एक चेन, एक फ्रीव्हील, छर्रे, कोन आणि षटकोनी नट. स्क्रूपाना, पक्कड आणि पंक्चरचं सामान जवळ असलं की बाकीचं काम जगातला कुठलाही लोहार करून देऊ शकायचा.

लोहाराचा विषय निघालाच आहे तर युजेन क्रिस्तॉफची गोष्ट सांगायलाच हवी. १९१३च्या टूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातला तूर्मालेचा घाट उतरताना या गड्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. बाहेरच्या माणसाची मदत घ्यायची नाही, हा शर्यतीचा नियम. सायकल खांद्यावर टाकून दहा किलोमीटरहून जास्त अंतर तो चालत खाली आला, सेंत-मारी-द-कांपाँ गावातली लोहारशाळा गाठली आणि स्वतः घण मारून चिमटा जोडला. त्यात काही तास गेले. एका पोराने भाता हलवून दिला म्हणून पंचांनी वर दहा मिनिटांचा दंड ठोकला. तो पुढे तीन मिनिटांवर आणला. १९१९मध्ये शर्यतीच्या अखेरीस पुढे असताना त्याचा चिमटा पुन्हा मोडला आणि जिंकायची संधी पुन्हा गेली. चिवटपणाचं उदाहरण म्हणून ही गोष्ट नेहमी सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. कुठल्याही पिशवीत मावणार नाही अशा बिघाडावर गावाकडे इलाज होता, कारण सायकल पोलादी होती.

आपल्याकडे आज लोहाराच्या जागी वेल्डिंगवाला आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शेतीची अवजारं जोडणारा माणूस तालुक्याच्या कुठल्याही बाजारपेठेत सापडतो. पोलादी कॅरिअर मोडलं तर तो दहा मिनिटांत टाका मारून देईल; ॲल्युमिनिअमच्या नाजूक नळीला बहुधा हातच लावणार नाही. म्हणून हत्यारांची निवड खरं तर कॅरिअर विकत घेताना सुरू होते. दोन-तीनशे ग्रॅम वाचवायला आपण ॲल्युमिनिअम घेतो आणि ते वाकेल या धास्तीने तारा, पट्ट्या, क्लिपा भरून तेवढंच वजन पुन्हा वाहतो.

तालुक्याच्या सायकल दुकानात काय काय असतं, ते आठवून बघा. हवा, टॉमी, सोल्युशन, छर्रे, ग्रीस, हातोडी, सगळे पाने, वायसर, साध्या चेनचे तुकडे. गिअरच्या स्वस्त सायकली खेडोपाडी पोचल्यापासून ब्रेकचे साधे रबर आणि तारही बहुतेक ठिकाणी मिळते. यातलं काहीही घरून न्यायची गरज नाही. नसतं ते असं: अकरा गिअरच्या चेनची जोडकडी, तुमच्या ब्रेकमध्ये बसणारे डिस्क पॅड, मागचा डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगर, आणि बारीक तोंडाच्या, म्हणजे प्रेस्टा वॉल्वच्या ट्यूब. हे सगळं एका मुठीत मावतं. पण नेमकं हेच मागे राहतं, कारण ‘किट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हत्यार येतं, सुटा भाग येत नाही.

टायरच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नये. दुकानात ‘अठ्ठावीसचा टायर आहे’ म्हणतात तो आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा, २८ × १½ मापाचा. त्याच्या आतल्या कडेचा व्यास ६३५ मिलिमीटर. टूरिंगच्या सायकलीला असतो ७००सी, व्यास ६२२. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण तेरा मिलिमीटरच्या फरकाने टायर रिमवर बसतच नाही. ट्यूब ताणली जाते, त्यामुळे अडीअडचणीला ती चालू शकेल. पण तिथे वॉल्व आडवा येतो. साध्या सायकलीचा वॉल्व जाड. प्रेस्टासाठी रिमला पाडलेलं भोक साधारण साडेसहा मिलिमीटर, आणि जाड वॉल्वला लागतं साडेआठ. त्यामुळे प्रेस्टाच्या दोन ट्यूब सोबत असाव्यात, आणि एक पितळी ॲडॅप्टर. हा ॲडॅप्टर नखाएवढा असतो. तो वॉल्वच्या तोंडावर फिरवून बसवला की पेट्रोल पंपावरच्या मोटरसायकलच्या नळीनेही हवा भरता येते. किमतीच्या मानाने एवढी उपयोगी वस्तू पिशवीत दुसरी नाही.

पंक्चरकडे जरा जवळून बघू. काट्याकुपाट्याचं पंक्चर आपल्याला ओळखीचं. बाभळीचा काटा दिसतो, उपटला की काम झालं. महामार्गाच्या कडेचं पंक्चर वेगळं. ट्रकचे टायर फुटून त्यांच्या पट्ट्या कडेला पडतात, आणि त्या टायरांत पोलादी तारांची जाळी असते. पट्ट्या उन्हापावसात कुजल्या की त्या तारांचे केसाएवढे बारीक तुकडे डांबरावर विखुरतात. असा एक तुकडा टायरमध्ये शिरतो, आतून जेमतेम एक मिलिमीटर डोकावतो आणि ट्यूबला टोचत राहतो. बाहेरून काही दिसत नाही. ट्यूब बदलली, पाच किलोमीटर गेलं की चाक पुन्हा खाली. लोक ट्यूबच्या कंपनीला शिव्या देतात. तार तिथेच असते.

त्यावर उपाय म्हणजे टायर रिमवर चढवतानाच त्यावरचं नाव वॉल्वसमोर येईल असा बसवायचा, नेहमी. ट्यूबचं भोक वॉल्वपासून किती अंतरावर आहे ते मोजलं की टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. बोट फिरवू नका, तार बोटात जाते. प्रथमोपचाराच्या डबीतला कापसाचा बोळा आतून हळूच फिरवा. त्याचा धागा जिथे अडकेल तिथे तार. आता ती उपटायची कशाने? नखात सापडत नाही, आणि पक्कडीचं तोंड जाड पडतं. भुवया कोरायचा चिमटा लागतो. माझ्या पाहण्यातल्या एकाही तयार पिशवीत तो नव्हता.

पॅच लावताना घाई नको. पॉलिश पेपरने ट्यूब खरवडायची, सोल्युशन पातळ पसरायचं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, सुमारे पाच मिनिटं थांबायचं. मग पॅच दाबायचा. बिनसोल्युशनचे चिकट पॅच तात्पुरते बरे. मे महिन्यात डांबर तापलं आणि टायरात दाब भरपूर असला की ते कडेने सुटतात. टायरच फाटला असेल तर आतून गेटर हवा. जुन्या टायरचा आगपेटीएवढा तुकडा, कडा तासून पातळ केलेला, घरूनच न्यावा. हवेसाठी हातपंप. कार्बन डायऑक्साइडची नळकांडी शर्यतवाल्यांना ठीक. एका नळकांड्यात एकदाच हवा भरते, तो वायू रबरातून लवकर निसटतो, आणि खेड्यात दुसरं नळकांडं कुठून आणणार?

आता ॲलन की. यादी पाठ करण्यापेक्षा घरी फरशीवर जुनी चादर अंथरून बसा आणि सोबत न्यायच्या हत्यारांनीच सायकलचा एकेक बोल्ट थोडासा सैल करून पुन्हा आवळून बघा. बाटलीच्या पिंजऱ्याच्या आणि कॅरिअरच्या पाच मिलिमीटर बोल्टांना चारची की लागते, हँडल आणि सीटच्या बऱ्याच बोल्टांना पाचची, डिस्कच्या चकतीला सहसा टी-२५, पेडलला आठची किंवा पंधराचा पाना. हे कागदावर झालं. प्रत्यक्षात कळतं ते असं की मल्टिटूलची माप बरोबर असलेली कीसुद्धा पिंजऱ्यामागे शिरत नाही, कारण तिचं अंग जाड आहे आणि ते फिरायला जागा नाही. आणि पेडल तिच्याने हलत नाही, कारण दांडा आखूड आहे. साध्या एल आकाराच्या चार-पाच सुट्या की मला कधीही बऱ्या वाटतात. चादरीवर बसल्याचा आणखी एक फायदा: जे हत्यार संपूर्ण सायकलभर कुठेच लागलं नाही, ते तिथेच बाजूला पडतं.

भरलेल्या पिशव्यांचा सगळा भार त्या पाच मिलिमीटर बोल्टांवर असतो. कोकणातल्या जांभ्याच्या रस्त्यावर हादरे बसून ते सैल होतात, पडतात, कधी तुटतात. चार सुटे बोल्ट, चार केबल टाय आणि पंपाच्या नळीवर गुंडाळलेली हातभर डक्ट टेप, बस.

मागच्या चाकाची तार हे मात्र खरं दुखणं आहे. गिअरच्या बाजूला कॅसेटला जागा द्यायची म्हणून त्या अंगाच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात. ओझं असलं की त्याच आधी तुटतात, आणि बदलायच्या तर कॅसेट काढावी लागते. त्यासाठी घरी आपण वापरतो ती हत्यारं, म्हणजे चेनची पट्टी आणि मोठा पाना, किलोला भिडतात. यावर दोन तोडगे आहेत. एक, सायकलच्याच सांगाड्याचा टेकू घेऊन कॅसेटची कडी सोडवणारं छोटं हत्यार, काही ग्रॅमचं. दुसरा, केव्हलारच्या दोरीची तार. ती कॅसेट न काढता ओवता येते आणि शहर गाठेपर्यंत चाक सांभाळते. खऱ्या तारा न्यायच्या तर डाव्या-उजव्या बाजूंची लांबी एक-दोन मिलिमीटरने वेगळी असते, ती मोजून घ्या. निप्पलची किल्ली तुमच्याच निप्पलच्या मापाची हवी. सैल किल्लीने कोपरे झिजले की चाकाचा आउट काढणं पट्टीच्या कारागिरालाही जमत नाही.

चेन तोडायचं हत्यार गटात एक पुरतं. जोडकडी प्रत्येकाची वेगळी, कारण आठ गिअरची चेन बाहेरून सुमारे ७.१ मिलिमीटर रुंद आणि अकराची ५.५, एकीची कडी दुसरीत बसत नाही. हँगरचंही तसंच, सायकलच्या मॉडेलगणिक आकार वेगळा. पुणे-गोवा करणाऱ्या गटात सहा जणांकडे सहा चेन कटर आणि हँगर एकाकडेही नाही, हे दृश्य दुर्मीळ नाही. हँगर तुटलाच तर चेन आखूड करून, डिरेलरला वगळून, एकाच गिअरवर पुढचं गाव गाठायचं. म्हणजे मर्फीबाईंनी घरीच केलं ते आपण रस्त्यावर करायचं.

ब्रेव्हेची, म्हणजे ठरावीक वेळेत लांब अंतर कापायच्या सायकल फेरीची, गोष्ट निराळी. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे आणि नियंत्रण चौकीबाहेर ठरवून मदत घ्यायची नाही, अशा ठिकाणी पॅच लावत बसण्यापेक्षा ट्यूब बदलून निघालेलं बरं. पण मनाली-लेहच्या वाटेवर किंवा नर्मदेच्या परिक्रमेत वेळ असतो, दुकान नसतं.

दिवाळीनंतर थंडी पडेल आणि सायकली बाहेर निघतील. निघण्याआधी पिशवीतली सोल्युशनची ट्यूब तेवढी दाबून बघा. एकदा फोडलेली ट्यूब झाकण लावूनही काही महिन्यांत आतल्या आत वाळते, आणि बाहेरून भरलेलीच दिसते. न फोडलेल्या दोन नव्या घ्या.