दहा हजारांत सात

२०२० सालच्या शेवटच्या तीन महिन्यांत फेसबुकने २ कोटी ६९ लाख द्वेषपूर्ण पोस्ट आणि कमेंटवर कारवाई केली. भागाकार केला तर सेकंदाला तीनहून जास्त, तेही ९२ दिवस, रात्रंदिवस. एवढ्या झपाट्याने माणसं वाचू शकत नाहीत, म्हणून पहिली चाळणी यंत्राची. कारवाई झालेल्या मजकुरापैकी सुमारे ९७ टक्के कुणी तक्रार करण्याआधीच यंत्राने हेरला, असं कंपनीने जाहीर केलं.

या ९७ पाशी जरा थांबायला हवं. जेवढं सापडलं, त्यातलं यंत्राने आधी किती पाहिलं, एवढंच तो आकडा सांगतो. जे सापडलंच नाही त्याची त्यात नोंद नाही. २०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी बाहेर आणलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत वेगळाच अंदाज होता: फेसबुकवरच्या एकूण द्वेषपूर्ण मजकुरापैकी जेमतेम ३ ते ५ टक्क्यांवर कारवाई होते. दोन्ही आकडे एकाच कंपनीचे, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. छेद तेवढा वेगळा.

कंपनीचं म्हणणं असं, की किती हटवलं यापेक्षा लोकांच्या डोळ्यांसमोर किती आलं ते मोजा. ठीक, तेही मोजू. २०२० च्या अखेरीस लोकांनी फेसबुकवर दहा हजार वेळा काही पाहिलं, तर त्यात सात-आठ वेळा द्वेष दिसे. ऐकायला किती थोडं! पण तेव्हा रोज १८४ कोटी लोक फेसबुक उघडत होते. प्रत्येकाने दिवसाला शंभरच पोस्ट पाहिल्या असं मी धरतो. म्हणजे १८,४०० कोटी वेळा पाहणं झालं. त्यातले दहा हजारांत सात म्हणजे १२ कोटी ८८ लाख, एका दिवसात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती.

शिवाय ही जगाची सरासरी. द्वेष असा समान वाटून येत नाही. तो एखाद्या देशात, एखाद्या भाषेत, एखाद्या समाजावर तुटून पडतो. म्यानमारमध्ये तेच झालं. रॉयटर्सने २०१८ मध्ये शोधून काढलं, की २०१५ च्या सुरुवातीला फेसबुकसाठी आक्षेपार्ह मजकूर तपासणाऱ्यांत तिथली बर्मी भाषा जाणणारे फक्त दोघे होते. यंत्राचीही मदत तोकडी, कारण तिथे बहुतेक फोनवर युनिकोड या जागतिक प्रमाणाऐवजी झॉजी नावाचा फॉन्ट चाले आणि तो मजकूर यंत्राला नीट उमगत नसे. ऑगस्ट २०१७ पासून हिंसाचारामुळे सात लाखांहून जास्त रोहिंग्या मुस्लीम जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले. या हिंसाचारात समाजमाध्यमांचा वाटा निर्णायक होता, असं संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाचे प्रमुख मारझुकी दारुस्मान यांनी मार्च २०१८ मध्ये सांगितलं. त्या वर्षीच्या जूनपर्यंत क्वालालंपूरमधल्या कंत्राटी कार्यालयात बर्मी मजकूर तपासणारे साठेक जण झाले होते. म्यानमारमधले वापरकर्ते १ कोटी ८० लाख. माणशी तीन लाख!

आणि आपली मराठी? २०११ च्या जनगणनेनुसार ती ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा. यंत्राला मराठीतला द्वेष ओळखायला शिकवता यावं म्हणून पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाने २०२२ मध्ये ‘महाहेट’ हा संच खुला केला. २५ हजारांहून जास्त मराठी ट्वीट, आणि प्रत्येकावर शिक्का: द्वेषपूर्ण, अपमानकारक, अश्लील की निर्धोक. हे मोलाचं काम आहे. पण नुसत्या आडनावावरून मारलेला जातीचा टोमणा, रोमन लिपीत टाइप केलेली शिवी, गावच्या भांडणाचा संदर्भ हे सगळं ओळखायला यंत्राला आणखी कितीतरी उदाहरणं लागतील, आणि त्यावर शिक्का मारायला मराठी जाणणारी माणसं लागतील.

अशी माणसं या कंपन्यांकडे किती आहेत? युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना मजकूर तपासणाऱ्यांची संख्या भाषावार जाहीर करावी लागते. सुमारे पाच लाख लोकांच्या माल्टीज भाषेचाही आकडा द्यावा लागतो. आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी दरमहा अहवाल सक्तीचा केला. त्यात किती तक्रारी आल्या, काय कारवाई झाली ते येतं, पण भाषेचा रकाना सक्तीचा नाही. तो करायला हवा, आणि मराठीपुढचा आकडा दरमहा छापून यायला हवा.