संगणक समजून घेताना : लेखांक ९
विंडोजचं बिऱ्हाड नव्या डिस्कवर

मागच्या लेखात एसएसडी कशी निवडायची ते पाहिलं. आता प्रश्न येतो तो जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं तिच्यावर न्यायचं कसं, हा.

फोटो, कागदपत्रं कॉपी-पेस्ट करून नेता येतात, विंडोज मात्र नेता येत नाही. चालू असताना विंडोज स्वतःच्या कित्येक फाइली कोणाला हात लावू देत नाही. शिवाय संगणक सुरू करणारा बूट लोडर ‘सी’ ड्राइव्हमध्ये नसतोच. अलीकडच्या संगणकांत तो ‘ईएफआय’ नावाच्या वेगळ्या, शंभरेक एमबीच्या पार्टिशनमध्ये असतो. फाइल एक्सप्लोररमध्ये हे पार्टिशन दिसत नाही, ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये दिसतं. म्हणून पार्टिशनांसकट अख्ख्या डिस्कची नक्कल करावी लागते. तिलाच क्लोनिंग म्हणतात.

पण क्लोनिंग म्हणजे बॅकअप नव्हे. महत्त्वाच्या फाइली आधी तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे एक्स्टर्नल डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवा. ही पायरी कृपा करून गाळू नका. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ने जुन्या डिस्कची तब्येत तपासा. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं, तर क्लोनिंगच्या ताणाआधी फाइली वाचवणं अधिकच निकडीचं. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

नवी डिस्क २.५ इंची साटा असेल तर साटा-यूएसबी केबलने, एम.२ असेल तर तिच्या प्रकाराच्या एन्क्लोजरमधून जोडा. एसएसडी बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या क्लोनिंगचं सॉफ्टवेअर देतात. ‘क्लोनझिला’ मोफत आहे. सोर्स आणि डेस्टिनेशन निवडताना मात्र घाई नको. डेस्टिनेशनवरचं सगळं पुसलं जातं. इथे उलटापालट झाली तर जुन्या डिस्कवरचा डेटाच जातो. ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ यांवर विसंबू नका. मॉडेल आणि क्षमता वाचा. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते, हेही ध्यानात असू द्या.

नवी डिस्क मोठी असेल, तर आणखी एक अडचण येते. ‘सी’च्या लगेच पुढे बहुधा रिकव्हरी पार्टिशन असतं. नक्कल जशीच्या तशी उतरली, की उरलेली जागा त्याच्या पलीकडे ‘अनअलोकेटेड’ पडून राहते आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ चालत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल, तर ‘सी’चा आकार क्लोनिंगपूर्वीच वाढवा.

काम झालं की संगणक बंद करून जुनी डिस्क काढा आणि फक्त नव्या डिस्कवर सुरू करून पाहा. दोन्ही जोडलेल्या असतील, तर विंडोज नक्की कुठून सुरू झालं हे कळत नाही. शिवाय दोन डिस्कची ओळखखूण एकच असेल, तर विंडोज त्यांतली एक ऑफलाइन ठेवतं.

नव्या डिस्कवर काही आठवडे रोजचं काम नीट चालेपर्यंत जुनी फॉरमॅट करू नका, विकू तर नकाच. विकण्यापूर्वी तिच्यावरचा डेटा कायमचा कसा पुसायचा, ते पुढच्या आठवड्यात.