घर रिकामं आहे का?

न्यूयॉर्कमधल्या घरदलालाचा फोन वाजतो. ‘घर रिकामं आहे?’ ‘आहे की, कधीही बघायला या.’ ‘भाड्याचा काही भाग सरकारी व्हाउचरमधून येईल.’ ‘अहो, मग ते कालच गेलं!’ पलीकडे खरा भाडेकरू असेलच असं नाही. शहराच्या मानवाधिकार आयोगाने पाठवलेला परीक्षकही असू शकतो. व्हाउचरवरून घर नाकारणं तिथे बेकायदा आहे. (मुंबईत ‘फक्त शाकाहारी’ ऐकणाऱ्यांना हेवा वाटावा.) आयोगाकडे तक्रार फुकट करता येते, वकील लागत नाही, मात्र सहसा वर्षाच्या आत करावी लागते. जाणूनबुजून केलेल्या भेदभावाला २,५०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आयोगाचं काम घरांपुरतंच नाही; २०१९मध्ये तर त्याने नोकरीच्या बाबतीतही बजावलं, की कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याच्या वेण्यांना किंवा जटांना मज्जाव करणं हाही वांशिक भेदभावच.