जुन्या लष्करी गाडीवर कुठलीही अँटेना का चालत नाही?

देवपूरच्या गल्लीत हिरव्या रंगाची जुनी लष्करी जीप दिसली की मोबाइल बाहेर निघतातच. मागे उंच अँटेना असेल तर फोटो आणखी भारी! पण ती अँटेना त्या काळातली आहे का?

लांबी कशी ठरते?
आतल्या वायरलेस सेटवरून. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्यांत 'नंबर १९' सेट असायचा. त्याचा 'ए' भाग २ ते ८ मेगाहर्ट्झवर लांबच्या संपर्कासाठी, तर 'बी' भाग सुमारे २३५ मेगाहर्ट्झवर जवळच्या रणगाड्यांशी बोलण्यासाठी. फ्रिक्वेन्सी कमी, तेवढी तरंगलांबी जास्त. म्हणून 'ए'ला साधारण अडीच मीटरची काठी, 'बी'ला जेमतेम अर्ध्या मीटरची. अशा रणगाड्यावर एकच अँटेना लावली, तर अर्धीच गोष्ट कळते.

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये गेलात, तर रणगाड्यांवर अँटेनाच्या बैठका किती आणि कुठे आहेत, ते नक्की बघा.

मग जीपचं काय?
सगळ्या जीपमध्ये सेट नसायचा. तुमच्या गाडीत नव्हता, तर अँटेना न लावणं हेच खरं रिस्टोरेशन.

लावायचीच असेल तर?
अडीच मीटरची काठी जीपवर बसली की टोक साडेतीन मीटरच्या आसपास जातं. वर विजेच्या तारा असतात! रस्त्यावर काठी काढून ठेवा किंवा वाकवून दोरीने बांधा. नुसती काठी शोभेची. सेटवरून बोलायचं तर परवाना हवा.