देवीच्या हातांत काय आहे?

कोल्हापूरला जाऊन अंबाबाईचे दर्शन न घेता परतलेला मराठी माणूस विरळाच. पण दर्शन घेऊन आलेल्या दहा जणांना विचारा, देवीच्या हातांत काय आहे? बहुतेक जण गप्प होतील. एखादा धीर करून 'कमळ' म्हणेल. यात भाविकांचा दोष नाही. तासभर रांगेत उभे राहिल्यावर वाट्याला येतात चार क्षण, आणि तेवढ्यात दिसतो तो भरजरी शालू, दागिने आणि त्यांतून डोकावणारा चेहरा.

बँकेत आम्ही चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहत असू. नाव कुणीही लिहील, सही ज्याची त्याचीच. मूर्तीचेही तसेच आहे. देवतेची सही असते तिच्या हातांत.

कोल्हापूरची काळ्या पाषाणाची ही मूर्ती चतुर्भुज आहे. खालच्या उजव्या हातात म्हाळुंग, वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल आणि खालच्या डाव्या हातात पानपात्र. पाठीशी सिंह. कमळ कुठेच नाही. म्हाळुंग म्हणजे बियांनी भरलेले फळ. पुढच्या साऱ्या सृष्टीची बीजे जणू तिच्या मुठीत आहेत.

सप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात नेमके हेच वर्णन येते. तिथली महालक्ष्मी विष्णूचे पाय चेपणारी नव्हे. ती आद्य शक्ती. महाकाली आणि महासरस्वती तिच्यातूनच प्रकटतात. विष्णुपत्नी लक्ष्मीही नंतरची, तिनेच निर्माण केलेली. आता देवळाची मांडणी आठवा. मध्ये महालक्ष्मी, एका बाजूला महाकाली, दुसऱ्या बाजूला महासरस्वती. त्या वर्णनात देवीच्या मस्तकी नाग आणि लिंग आहे. इथे गाभाऱ्याच्या बरोबर वर, माडीवर, मातृलिंगाचे स्थान आहे. म्हणजे मूर्तीत जे कोरले, तेच देऊळभर मांडलेले दिसते.

हे सारे एका पिढीचे काम नाही. कोल्हापूरचे शिलाहार राजे महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभल्याचे बिरुद मिरवत. यादवांचे शिलालेख इथे आहेत. चांदणीसारखे कोन घेत गेलेल्या भिंतींवर वाद्ये वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या स्त्रिया आहेत. शिखरे पुष्कळ नंतरची, लाकडी गरुडमंडप मराठा काळातला. धामधुमीत लपवून ठेवलेली मूर्ती १७१५ च्या विजयादशमीला पुन्हा स्थापन झाली.

देऊळ पश्चिमाभिमुख. म्हणून नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. हा किरणोत्सव. सूर्याच्या वर्षभराच्या वाटचालीचा असा हिशेब दगडात बसवणाऱ्याने वाटेत उंच इमारती उभ्या राहतील हे धरले नसणार. काही वर्षी किरण मुखापर्यंत पोचलेच नाहीत.

अंबाबाई म्हणावे की महालक्ष्मी, यावर कोल्हापुरात वाद होत आले. नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो, तेव्हा त्याला धार चढते. दोन्ही नावांवर लोकांचे प्रेम आहे, आणि ती दोन्ही नावे एकाच देवीची आहेत. ती कोण, हे मात्र तिच्या हातांनीच सांगितले आहे.

पण ते हात झिजत आहेत. शतकानुशतकांच्या अभिषेकांनी पाषाण झिजला. १९५५ मध्ये वज्रलेप झाला, २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी संवर्धन केले. तेव्हा मस्तकावरच्या नागावरून वाद पेटला. मूर्तीवर काय होते, हे लोकांना ठाऊक असेल तरच ते नाहीसे झाल्याचे कळते. जे कुणी कधी नीट पाहिलेच नाही, ते पुसले गेले तर दाद कोण मागणार?

पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल तेव्हा रांगेत उभे असतानाच त्यांना सांगून ठेवा: म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र. शालूआड ते दिसणार नाही कदाचित. पण आत काय आहे, हे ठाऊक असलेली चार डोकी तरी वाढतील.