माती थांबली, खत निसटले

नळाला पाणी आहे, पण ते प्यायचे नाही. उकळूनही प्यायचे नाही, कारण उकळल्याने त्यातले विष जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराला २ ऑगस्ट २०१४ रोजी हा इशारा मिळाला. शहर आणि आसपासची वस्ती मिळून चार लाखांहून अधिक माणसे. दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या बघता बघता संपल्या. बंदी उठली ती ४ ऑगस्टला. उशाशी ईरीसारखे गोड्या पाण्याचे अफाट सरोवर आणि घशाला कोरड!

याला कारण होते सरोवरात माजलेले निळे-हिरवे शेवाळ. आपण त्याला शेवाळ म्हणतो, पण खरे तर ते जिवाणू. त्यांच्या काही जाती यकृताला अपाय करणारे मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार करतात. आणि या जिवाणूंना पोसते ते स्फुरद. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटच्या रूपाने आपण पिकाला देतो तेच. ईरीचा पश्चिम भाग उथळ, सरासरी खोली जेमतेम सात-साडेसात मीटर. तिथेच मॉमी नदी येऊन मिळते आणि तिच्या खोऱ्यातली बहुतेक जमीन मका आणि सोयाबीनखाली आहे.

मी मूळचा सोलापूरकडचा. बांध, ताली, बांधबंदिस्ती हे शब्द आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडतात. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शेतातच मुरवण्याची सूचना केली होती. माती राखली की पाणी आपोआप राखले जाते, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. ईरीची हकीकत मला महत्त्वाची वाटते ती याचसाठी. कारण तिथला शेतकरी बेफिकीर नव्हता. माती राखण्याचा धडा त्याने मनापासून गिरवला होता.

१९६० च्या दशकात ईरी सरोवर ‘मेले’ अशी हाकाटी झाली होती. १९७२ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला. शहरांच्या मैलापाण्यातून स्फुरद काढणे सुरू झाले, धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंधने आली. शेतकऱ्यांनाही सांगण्यात आले, की नांगरट कमी करा, पिकाचे धसकट रानातच राहू द्या. तर्क सरळ होता. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून राहते, तेव्हा माती अडली की स्फुरदही अडेल. शेतकऱ्यांनी ऐकले. ओढ्यांचा गढूळपणा कमी झाला, सरोवर निवळले आणि जगभर ईरीचे दाखले दिले जाऊ लागले.

मग १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शेवाळ परतू लागले. २०११ साली तर त्याने तोवरचे सारे विक्रम मोडले. असे का व्हावे? उत्तर सापडले ते चिकाटीने ठेवलेल्या नोंदींत. टिफिन नावाच्या गावातले हायडेलबर्ग विद्यापीठ १९७० च्या दशकापासून या नद्यांचे पाणी सातत्याने तपासत आले आहे. मातीला चिकटून येणारे स्फुरद कमी झाले होते, पण पाण्यात विरघळून येणारे वाढले होते. यात मोठी गोम आहे. मातीला चिकटलेल्या स्फुरदाचा थोडाच भाग शेवाळाच्या उपयोगी पडतो. विरघळलेले मात्र जवळजवळ सगळेच्या सगळे फस्त होते.

हे विरघळलेले स्फुरद आले कुठून? खत वरून फोकायचे आणि जमीन नांगरायची नाही, म्हणजे खत वरच्या दोन-तीन बोटांच्या थरातच साठत जाते. जोराचा पाऊस आला की ते पाण्याबरोबर निघते. त्यात हा मुलूख एकेकाळी मोठी दलदल होता. एकोणिसाव्या शतकात जमिनीखाली मातीच्या नळ्या घालून त्याचा निचरा करण्यात आला. न नांगरलेल्या जमिनीतल्या गांडुळांच्या बिळांतून आणि भेगांतून पाणी थेट या नळ्यांत उतरते, तिथून चरात आणि चरातून नदीत. वर माती जागची हललेली नसते. खत मात्र गावाबाहेर पोचलेले असते.

सगळा दोष नांगरट सोडण्यावर टाकणे अन्यायाचे होईल. सवडीप्रमाणे हिवाळ्याच्या तोंडावर टाकलेली खते, वसंतातले जोरदार पाऊस, वर्षानुवर्षे जमिनीत साचलेले स्फुरद अशी अनेक कारणे त्यात आहेत. पुन्हा नांगर धरला तर माती वाहून जाईल ती वेगळीच. उपाय आहे तो जोडीचा. माती तर राखायचीच, पण खत माती तपासून, पिकाला लागेल तेवढेच, वेळेवर आणि मातीच्या आड द्यायचे. ओढ्याकाठी गवताचे पट्टे राखायचे, पाणथळ जागा पुन्हा उभ्या करायच्या. खत मातीआड देण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. कोरडवाहू शेतीत दोन चाड्यांची पाभर हेच करते: एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत.

मग घोडे अडते कुठे? अडचण हिशेबाची आहे. शेतातून हेक्टरी किलो-दोन किलो स्फुरद गेले तर शेतकऱ्याच्या उत्पन्नात काहीच फरक पडत नाही. पण लाखो हेक्टरांवरचे हे किलो-दोन किलो एकत्र आले की सरोवर हिरवे होते. ज्याचे नुकसान नाही त्याने खर्च सोसायचा आणि खालच्या गावाने पाणी प्यायचे, हे किती दिवस चालणार? म्हणून ओहायो सरकारने २०१९ साली अशा कामांसाठी शेतकऱ्यांना पैसे देण्याची योजना आणली. स्फुरद ४० टक्क्यांनी घटवण्याचे जे उद्दिष्ट २०२५ पर्यंतचे म्हणून ठरले होते, ते मात्र गाठता आले नाही. जमिनीत मुरलेले खत घाईने परत देत नाही.

आता आपल्या उजनीकडे पाहू. सोलापूर शहर या धरणाचे पाणी पिते आणि जलाशयाचे पाणी हिरवे पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. पुणे, पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याकडे बोट दाखवले जाते, ते योग्यच आहे. ईरीनेही सुरुवात सांडपाण्यापासूनच केली होती. पण ईरीचा दुसरा अध्याय शेतात घडला, हे विसरून चालणार नाही. उसाच्या सरीत फोकलेल्या खतावर पाटाचे पाणी सोडले जाते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की धरणांच्या गाळपेर जमिनीत पिके घेतली जातात. तिथे टाकलेले खत आणि जलाशय यांच्यात पावसाळ्यात बांधसुद्धा उरत नाही.

बांध हवेतच. पण बांधाच्या कामाची मोजणी किती माती अडली एवढ्यावर थांबू नये. बांध ओलांडून ओढ्याला लागणाऱ्या पाण्यात काय विरघळले आहे, याची दरवर्षी तपासणी व्हावी आणि ते पाणी निर्मळ ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या खर्चात खाली पाणी पिणाऱ्या शहरानेही वाटा उचलावा. टोलेडोला हे उमगायला नळ बंद करावे लागले. आपल्याला ते आधीच समजले आहे, हा आपला फायदा आहे.