डिलीट केलेली फाईल जाते तरी कुठे? संशोधनाला लागण्याआधी समजून घ्या



पेट पास झाली, मार्गदर्शक मिळाले, कोर्सवर्क सुरू झालं, की नमुना निवड, प्रश्नावली, मुलाखत तंत्र हे सगळं आपण शिकतो. जमवलेली माहिती सांभाळायची कशी, हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही. आणि तीन-चार वर्षांचं काम असतं कुठे? एका लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर.

समजा, तुमचा विषय शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांचा आहे. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भाचे जे सहा जिल्हे होते, त्यात आपला वाशिमही होता, त्यामुळे हा विषय आपल्याकडे अनेक जण घेतात. मानोरा, मंगरूळपीरच्या गावांत फिरून तुम्ही चाळीस मुलाखती रेकॉर्ड केल्या आणि तो फोल्डर उडाला. त्या बाईकडे परत जाऊन ‘ताई, पुन्हा एकदा सगळं सांगा’ असं म्हणता येईल का? किंवा कारंज्याच्या एखाद्या जुन्या पोथीचे फोटो काढले आणि कार्ड फॉरमॅट झालं, तर तीच परवानगी पुन्हा मिळेलच असं नाही. म्हणून आज हे नीट समजून घेऊया.

डिलीट म्हणजे नेमकं काय होतं?

सातबाऱ्यावरून एखाद्याचं नाव कमी झालं, म्हणून शेतातली उभी तूर त्याच दिवशी नाहीशी होत नाही. नोंद बदलते, पीक तिथंच असतं. नवा मालक नांगर फिरवतो, तेव्हा ते जातं.

हार्ड डिस्कचं अगदी असंच आहे. कोणती फाईल कुठल्या जागेवर आहे, याची एक नोंदवही डिस्कवर असते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत तिला मास्टर फाईल टेबल म्हणतात. रिसायकल बिनमध्ये टाकलेली फाईल तर नुसती दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलेली असते. बिन रिकामा केला किंवा शिफ्ट दाबून डिलीट केलं, की नोंदवहीत ‘ही जागा मोकळी’ एवढाच शेरा पडतो. आतला मजकूर जागेवरच राहतो. दुसरी फाईल त्या जागेवर लिहिली जाईपर्यंत तो परत काढता येतो. रिकव्हरी सॉफ्टवेअर काही जादू करत नाही, न नांगरलेली जागा शोधतं, एवढंच.

पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाईल साधारणपणे रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट मोकळ्या जागेत जमा होते. हे अनेकांना माहीत नसतं.

दोन विद्यार्थ्यांनी केलेला अभ्यास

सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलात हे एमआयटीत शिकत असताना त्यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू निघाल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार, नीट साफ केलेल्या डिस्क होत्या फक्त १२. बाकीच्यांत पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड क्रमांक, लोकांची वैद्यकीय माहिती, खासगी पत्रं असं काय काय सापडलं. काही डिस्क विकणाऱ्यांनी फॉरमॅटही केल्या होत्या. आपण पुसलं, असंच त्यांना वाटत होतं.

या अभ्यासातून दोन गोष्टी घ्या. चुकून डिलीट झालेलं परत मिळू शकतं. आणि मुद्दाम डिलीट केलेलंही परत मिळू शकतं, तेही दुसऱ्याच्या हातात. दुसऱ्या गोष्टीकडे शेवटी येऊ.

फाईल गेली, आता काय?

१. हात थांबवा. त्या ड्राइव्हवर काहीही नवीन सेव्ह करू नका. फाईल सी ड्राइव्हवर असेल तर नेट उघडणंसुद्धा नको, कारण ब्राउझर सतत काहीतरी लिहीत असतो. लॅपटॉप बंद करून ठेवलेला बरा.

२. खरंच गेली का, ते बघा. झेरॉक्स सेंटरवरून आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये फाईल्स दिसत नाहीत, नुसते शॉर्टकट दिसतात, पण प्रॉपर्टीजमध्ये जागा भरलेली दाखवते? मग बहुतेक वेळा व्हायरसनं फाईल्स लपवलेल्या असतात, डिलीट केलेल्या नसतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका. फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाईल्स दाखवायला सांगा, आणि सिस्टिम फाईल्स लपवण्याची टिकही काढा. फाईल्स दिसल्या की व्हायरस स्कॅन करून दुसरीकडे कॉपी करा.

३. दुसरी प्रत शोधा. गाईड सरांना पाठवलेला मेल, मित्राला पाठवलेलं प्रकरण, गुगल ड्राइव्हचा ट्रॅश. तिथं फाईल ३० दिवस राहते. वर्ड सेव्ह न करता बंद झालं असेल, तर ‘रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स’ हा पर्याय बघा.

४. मगच सॉफ्टवेअर. रेकुवा सोपं आहे, फोटोरेक मोफत आणि ताकदीचं आहे. पण ज्या ड्राइव्हवरची फाईल गेली, त्याच ड्राइव्हवर ते इन्स्टॉल करायचं नाही आणि सापडलेल्या फाईल्सही तिथं सेव्ह करायच्या नाहीत. नाहीतर नांगर आपणच फिरवला असं होईल.

५. डिस्क टकटक आवाज करत असेल, तर बिघाड यांत्रिक आहे. तिथं सॉफ्टवेअर चालवत बसू नका. बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेकडे न्या. खर्च मोठा असतो, पण तोच एक मार्ग उरतो.

मराठी फाईल असेल तर

फोटोरेक नोंदवही वाचत नाही. फाईलची सुरुवात ओळखून ती उचलतं. त्यामुळे जुनी नावं जातात आणि नुसत्या आकड्यांच्या नावांच्या शेकडो फाईल्स हाती येतात. मजकूर युनिकोडमध्ये असेल, तर ‘सावकार’ असा एखादा शब्द टाकून फाईलच्या आतला शोध घेता येतो. डीटीपीवाल्याकडून कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं असेल, तर हा शोध चालत नाही. शिवाय तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल, तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ‘फाईल खराब निघाली’ म्हणून ती फेकून देऊ नका, आधी फॉन्ट टाकून बघा. आणि नवीन लेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करा.

एसएसडीवर गणित बदलतं

नवीन लॅपटॉपमध्ये बहुतेक एसएसडी असते. फाईल डिलीट झाली की विंडोज तिला ‘ट्रिम’ नावाची सूचना पाठवतं, ‘ही जागा आता लागत नाही.’ विंडोज ७ पासून ही सोय आहे. मग एसएसडी आपल्या सवडीनं ती जागा आतून साफ करते, आणि त्याआधीही ती जागा वाचायला गेलं तर बहुधा शून्यंच हाती येतात. म्हणजे इथं नाव कमी झालं की त्याच रात्री शेतात ट्रॅक्टर! पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डवर सहसा ट्रिम चालत नाही, म्हणून तिथं आशा जास्त. तुमच्याकडे काय आहे, ते टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये लगेच दिसेल.

थोडक्यात, रिकव्हरीच्या भरवशावर संशोधन करण्याचे दिवस संपत आले आहेत.

मग भरवसा कशावर?

३-२-१ हा साधा नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. तुम्ही वाशिमला खोली करून राहत असाल, तर एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि ती डिस्क गावी घरी, तिसरी क्लाउडवर. पण नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर डिलीट झालं की क्लाउडवरूनही जातं, आणि ३० दिवसांत लक्षात आलं नाही तर संपलंच.

बॅकअप घेतला की तो उघडूनही बघा. जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये महासंगणकाच्या बॅकअप प्रोग्राममधल्याच चुकीमुळे सुमारे ७७ टेराबाइट माहिती पुसली गेली. १४ संशोधन गटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांची माहिती परत आणता आली नाही. एवढ्या मोठ्या यंत्रणेत हे होतं, तर आपल्या पेन ड्राइव्हचं काय घेऊन बसलात!

आता उलट बाजू

मुलाखत देणाऱ्या ताईंनी कर्जाचा आकडा सांगितला, सावकाराचं नाव सांगितलं. संमतीपत्रावर आपण लिहून दिलं की माहिती गोपनीय राहील. मग तोच पेन ड्राइव्ह फाईल्स डिलीट करून बाइंडिंगच्या दुकानात दिला, तर ते वचन पाळलं का? आतलं सगळं तिथंच आहे. जुना लॅपटॉप विकतानाही तसंच. ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथं एक ऑडिओ फाईल बाहेर पडणंही त्या घराला महागात पडू शकतं.

हार्ड डिस्क असेल तर ‘क्विक फॉरमॅट’ची टिक काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळ्या जागेवर शून्यं लिहिली जातात. एसएसडी आणि पेन ड्राइव्हवर वरून लिहून पुसण्याची तितकी खात्री नसते, हे २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून मुलाखती सुरुवातीपासूनच व्हेराक्रिप्टसारख्या मोफत प्रोग्रामनं कुलूपबंद करून ठेवा. पासवर्ड मात्र जपा, तो विसरलात तर कुठलंच रिकव्हरी सॉफ्टवेअर कामाचं नाही. आणि छपाईला द्यायचा पेन ड्राइव्ह वेगळाच ठेवा, त्यात फक्त पीडीएफ.

या रविवारी एक प्रयोग करा. मोकळ्या पेन ड्राइव्हवर दहा निरुपयोगी फाईल्स टाका, डिलीट करा आणि रेकुवानं परत काढून बघा. मग पूर्ण फॉरमॅट करून पुन्हा काढायचा प्रयत्न करा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण फील्डवर निघण्याआधी केलंत तर वरचं सगळं डोळ्यांनी दिसेल.

भेटूया पुढच्या लेखात. अभ्यासाला शुभेच्छा!